डाव्या सीटची राखण

कारखान्याच्या खरेदीखात्यात त्याने एकतीस वर्षं काढली, आणि त्यातली तीस वर्षं लोक त्याला कात्री म्हणत. कुठलंही बिल त्याच्या टेबलावरून गेलं की हलकं होऊनच पुढे जायचं. तांबड्या पेन्सिलीचं टोक तो एकेका ओळीवर ठेवायचा आणि विचारायचा, "हे कशाचे?" समोरच्याला सांगता आलं नाही की ओळीवर काट. सांगता आलं तरी बहुतेक वेळा काटच, फक्त जरा बारीक. निवृत्त झाला तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला घड्याळ दिलं, तर त्याने घड्याळाची पावती मागून घेतली. वॉरंटीसाठी लागेल, म्हणाला.

घरीही तेच. भाजीवाली, शिंपी, नळवाला, कुणी त्याच्या हातून सुटलं नाही. बायकोला या घासाघिशीची मनापासून लाज वाटायची. ती भांडायची नाही. तिने आपली एक वाट काढली होती. दुकानात त्याने खिशातून पेन्सिल काढली की ती म्हणायची, "मी गाडीत जाऊन बसते. तुम्ही बिल मिटवून या." आणि डाव्या सीटवर जाऊन बसायची. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. एकदा फरशीवाल्याकडे पावणेदोन तास. तो जिंकून बाहेर यायचा तेव्हा ती काच दोन बोटं खाली करून डोळे मिटून बसलेली असायची. किती वाचले, असं तिने कधी विचारलं नाही. "झालं?" एवढंच विचारायची.

शेवटच्या दिवशी दवाखान्यात दुपारी ती जरा शुद्धीवर आली. त्याच्याकडे बघून म्हणाली, "घरी जायचं ना? गाडी आणलीय?"

"आणलीय. खाली उभी आहे."

"मग मी जाऊन बसते. तुम्ही बिल मिटवून या."

त्याला वाटलं, तापात बोलतेय. तेवढ्यात खालून बोलावणं आलं म्हणून तो काउंटरवर गेला. बिलात हातमोजे लावले होते, पंचेचाळीस जोड्या. त्याने चाळीस मिनिटं हातमोज्यांवर वाद घातला आणि अठ्ठावीसवर आणले. वर गेला तर पलंगाभोवती पडदा ओढलेला होता.

आणि गाडी खाली नव्हतीच. ती त्याने सतरा दिवसांपूर्वी एका दलालाला विकून टाकली होती. हे तिला माहीत नव्हतं, आणि का विकली हे तर कुणालाच माहीत नव्हतं.

पुढे सात महिने त्याने बसने प्रवास केला. एके दिवशी दातांच्या डॉक्टरकडून परत येताना बस नेहमीच्या रस्त्याने न जाता वळसा घालून गेली, रस्ता खणला होता म्हणून. खिडकीतून त्याला जुन्या गाड्यांचं एक आवार दिसलं. तारेचं कुंपण, आत ओळीने गाड्या, काचांवर पांढऱ्या रंगात लिहिलेल्या किमती. तिसऱ्या ओळीत त्याची गाडी. डाव्या दारावर घराच्या खांबाला घासल्याचा ओरखडा होता, त्यावरून ओळखली. तो ओरखडा बायकोनेच पाडला होता, गाडी शिकताना. त्यानंतर तिने पुन्हा चालवायला घेतली नाही.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. गाडी चालवायची हौस आता कुठली. पण तिला जी खाली उभी आहे म्हणून सांगितली, ती उद्या कुणा परक्याच्या दारात जाऊन उभी राहणार. ती परत आणायची आणि आपल्या घरासमोर उभी करायची. म्हणजे उशिरा का होईना, बोललेलं खरं होईल.

लेकीला त्याने फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, ज्या किमतीला विकलीत त्याच्या दीडपट देऊन तीच गाडी परत घेणार? तुम्ही?"

"भाव पाडीन की."

"मग ठीक. मला वाटलं, तुमची तब्येत बिघडली."

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला तो आवारात पोचला. कडक ऊन होतं. शंभरेक गाड्या, आणि माणूस एकही नाही. फाटकाजवळ पत्र्याच्या सावलीत गिऱ्हाइकांसाठी एक लांब लाकडी बाक होता, तोही रिकामा. ओळींमधून जाताना त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. सगळ्या गाड्यांच्या काचा घट्ट बंद होत्या, पण मधूनच एखाद्या गाडीची एकच काच दोन बोटं खाली होती. कुठे डावी, कुठे मागची. त्याने मोजल्या. सहा भरल्या. सातवी त्याच्या गाडीची. डावी, पुढची.

"कुणी आतून हाक मारली का, साहेब?" मागून आवाज आला.

साठीच्या पुढचा एक माणूस हातात ओलं फडकं घेऊन उभा होता. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, पाण्याने पांढरी पडलेली बोटं. हा इथला गाड्या धुणारा.

"आतून कोण हाक मारणार?"

"नाही, तुम्ही एकदम थांबलात म्हणून विचारलं." धुणाऱ्याने फडकं पिळलं. "शेठ केबिनमध्ये आहेत."

डीलर काचेच्या केबिनमध्ये पंख्याखाली बसला होता. गोल चेहरा, मऊ आवाज, बोलताना हात जोडल्यासारखे पोटावर. अशी माणसं कात्रीने आयुष्यभर पाहिली होती. गोगलगाय आणि पोटात पाय.

"घ्या ना साहेब, तुमचीच गाडी आहे ती," डीलर म्हणाला. त्याने नाव ऐकून कागद बघितले होते. "एक लाख ऐंशी. काचेवर लिहिलंय तेच. आमच्याकडे बोलायचं एक आणि घ्यायचं एक असं नसतं."

"आधी चालवून बघतो."

"अवश्य. धुणारा येईल बरोबर."

धुणारा आला, पण पुढे बसला नाही. डाव्या दाराला त्याने हातही लावला नाही. मागचं दार उघडून गुपचूप मागे बसला आणि गुडघे एका बाजूला घेतले.

"पुढे बसा की."

"बरं आहे इथे."

कात्रीने आपला पट्टा लावला, किल्ली फिरवली, आणि टिंग टिंग सुरू झालं. समोर लाल दिवा लागला. डाव्या सीटवर माणूस आहे आणि त्याने पट्टा लावलेला नाही, अशी ती खूण. डावी सीट तर रिकामी होती. गाडी रस्त्यावर आली, दोन वळणं झाली, तरी टिंग टिंग थांबेना. तेव्हा धुणारा मागून पुढे वाकला, त्याने रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला, सावकाश, कुणाच्या अंगाला तो काचू नये असा, आणि खाली अडकवला. गाडी गप्प झाली.

"सेन्सर बिघडलाय," कात्री म्हणाला.

"नाही."

"मग?"

"पट्टा लावला की गप्प होतं," धुणारा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

कात्री मनातून खूष झाला. सेन्सर बिघडला असेल तर पाच हजार सहज पाडता येतील. सात महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या बोटांना पेन्सिल हवीशी वाटली. बायको गेल्यापासून तो भाजीवालीला सांगेल तेवढे देत होता. ती बिचारी घाबरून परवा म्हणाली होती, "बाबा, बरं नाही का?"

केबिनमध्ये परत आल्यावर डीलरने कागद पुढे सरकवला. वर एक लाख ऐंशी होतंच. पण खाली ओळींवर ओळी होत्या, आणि सगळ्यात खाली दोन लाख एकवीस. मांजराच्या पावलांनी एकेचाळीस हजार येऊन बसले होते.

"हे काय?"

"ती किंमत गाडीची, साहेब. हे खर्च गाडी रस्त्यावर आणायचे. सगळेच लावतात. आम्ही निदान लिहून देतो."

कात्रीने खिशातून तांबडी पेन्सिल काढली. डीलरने पेन्सिल पाहिली आणि खुर्चीत जरा मागे सरकला. त्यालाही असे लोक माहीत होते.

"कागदपत्र हाताळणी. हे कशाचे?"

"कागद हाताळायचे."

"हाताळले ते बघतोय मी. चहाचे डाग आहेत. निम्मे. धुणं आणि चकाकी?"

"चकाकी दिसतेय की."

"ऊन आहे म्हणून दिसतेय. काट. तपासणी?"

"आमच्या मेकॅनिकने पूर्ण गाडी..."

"तपासली असती तर डाव्या सीटचा सेन्सर दिसला असता त्याला. तपासणी काट, आणि सेन्सरचे पाच हजार उलट तुम्हीच सोडायचे." डीलरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण पेन्सिल पुढे गेली होती. "पायाखालचे मॅट?"

"नवीन टाकलेत."

"मी मागितले होते? काट. जॅक आणि पाना. काट. इंधन सहा लिटर. काट."

"साहेब, एक सांगून ठेवतो," डीलर मऊपणे म्हणाला. "आमच्या आवाराचा नियम आहे, माझ्या वडिलांपासूनचा. बिलातून काटलं की गाडीतून काढलं. मागाहून तक्रार नको."

"खुशाल काढा."

शेवटची ओळ दुसऱ्याच अक्षरात होती. जाड, वाकडी, शाळेत कमी गेलेल्या माणसाची. डावी पुढची सीट, राखण, सात महिने. तीन हजार पाचशे.

"हे कशाचे?"

डीलरने मान वाकडी करून वाचलं. "राखण. हे धुणारा लिहितो."

"म्हणजे काय पण?"

"खरं सांगू? मलाही नक्की माहीत नाही. वडील होते तेव्हापासून तो लिहितो, तेव्हापासून लागतं. काही गाड्यांना लागतं, काहींना नाही. लोक देतात. कुणी विचारत नाही."

"मी विचारतोय."

"मग मला सांगता येणार नाही, साहेब."

सांगता आलं नाही की काट. एकतीस वर्षांचा हात होता, थांबला नाही. पेन्सिल ओळीवरून आडवी गेली. गाडी एक लाख ब्याऐंशीला पडली, त्यातून सेन्सरचे पाच हजार वजा. काचेवरच्या किमतीपेक्षाही तीन हजार खाली. डीलरने हात मिळवला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण तळहात थंड आणि ओला होता.

पैसे मोजून होईपर्यंत कात्री काचेतून बाहेर बघत बसला. धुणारा काटलेला कागद हातात घेऊन गाडीपाशी गेला. आधी त्याने मॅट काढून झटकले आणि भिंतीला उभे केले. मग मागचं झाकण उघडून जॅक आणि पाना काढला. मग नळी लावून इंधन डब्यात ओतून घेतलं. तळाशी जेमतेम राहिलं, पुढच्या पंपापर्यंत जाण्यापुरतं. मग त्याने पुन्हा कागद पाहिला. बराच वेळ पाहिला. फडक्याने हात पुसले, गाडीच्या डाव्या बाजूला गेला आणि पुढचं दार पूर्ण उघडलं. काही काढलं नाही. एक हात दारावर आणि दुसरा हात वरच्या पत्र्याच्या कडेला धरून तो नुसता उभा राहिला. काहीतरी बोललाही असावा, ओठ हलले. मग दोन पावलं मागे सरकला, थोडा थांबला आणि दार हळूच लावलं. त्यानंतर तो फाटकाकडे चालत गेला, अगदी सावकाश, एक कोपर जरासं अंगापासून दूर धरून.

बिजागरी बघितली असेल, कात्रीला वाटलं.

तो गाडी घेऊन निघाला. इंजिन सुरू झालं, गाडी फाटकाबाहेर आली, रस्त्याला लागली. सगळं शांत. टिंग टिंग नाही, लाल दिवा नाही. डावा पट्टा दाराच्या कडेला सरळ लोंबत होता. बघा, पाच हजार सोडायची वेळ आली तर लगेच दुरुस्त केला, तो मनाशी म्हणाला. त्याला हसू आलं. बायको असती तर आता डोळे मिटूनच "झालं?" म्हणाली असती.

पंपावर इंधन भरलं. पुढच्या सिग्नलला तो थांबला. शेजारी एक टॅक्सी येऊन उभी राहिली आणि त्यातून एक माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला उतरवू लागला. त्याने एक हात दारावर ठेवला आणि दुसरा वरच्या कडेला, आईचं डोकं पत्र्यावर आपटू नये म्हणून.

कात्री त्या कडेवरच्या हाताकडे बघत राहिला. शेवटच्या चार महिन्यांत तोही तसाच उभा राहायचा. उपचाराहून परत येताना दरवेळी. कडेला हात आणि तोंडाने "सावकाश, डोकं सांभाळ". रिकाम्या सीटसाठी कुणी पत्र्याच्या कडेला हात धरत नाही. बिजागरी बघायला तर मुळीच नाही.

मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. सिग्नल हिरवा झाला होता. त्याने गाडी वळवली.

धुणारा फाटकापाशीच होता, जणू तो येणार हे ठाऊक असल्यासारखा. कात्री उतरला. त्याला काय विचारायचं ते सुचेना. आयुष्यभर विचारलेलाच प्रश्न तोंडातून आला.

"ती राखण. ते कशाचे होते?"

"मघाशी विचारायला हवं होतं साहेब. मला. शेठला नाही."

"आता विचारतो."

धुणाऱ्याने बादली खाली ठेवली. "उन्हात गाडी तापते. चार वाजता मी दार उघडून ठेवतो, जरा वारा लागू देतो. काच दोन बोटं खाली ठेवतो. गाडी इकडची तिकडे हलवायची असली की आधी सांगतो, हलवतोय म्हणून. गिऱ्हाईक आलं तर त्या सीटवर बसू देत नाही. एवढंच. महिन्याचे पाचशे जास्त नाहीत."

"तुम्हाला दिसते ती?"

"दिसत नाही कुणी. गाडी सांगते. रोज पुसणाऱ्याला कळतं, गाडी एका अंगाला जराशी दबलेली असते. सकाळी काचेवर आतून वाफ धरते, एकाच बाजूला." तो थोडा थांबला. "तुमची गाडी आली तेव्हा तसं काही नव्हतं. सरळ होती. आल्यावर सतरा दिवसांनी दुपारी धुतली, तर डावीकडे दबलेली. मी म्हटलं, बाई आल्या. चपला नव्हत्या पायात."

"चपला नव्हत्या हे कसं कळलं?"

"मॅटवर पावलं उमटली होती."

सतरा दिवस. दुपार. कात्रीने भिंतीला टेकवलेल्या मॅटकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"आता कुठे आहे ती?"

"काटलं की काढलं, साहेब. नियम आहे. मला तरी कुठे बरं वाटलं." त्याने हनुवटीने फाटकाजवळच्या बाकाकडे दाखवलं. "तिथे बसवलंय. दुसऱ्या गाडीत बसा म्हटलं, पण मला नाही वाटत बसल्या असं. त्या वाट बघतायत कुणाची तरी."

कात्री आधी केबिनमध्ये गेला. डीलर चहा पीत होता.

"ती राखणेची ओळ परत लिहा."

"बिल बंद झालं, साहेब. नवीन करावं लागेल. नवीन केलं की हाताळणी पुन्हा लागते."

"लावा."

"पूर्ण लागते."

"पूर्ण लावा. मॅटही लावा. सेन्सर ठीक आहे, त्याचे पाच हजार घ्या." त्याने पैसे टेबलावर ठेवले. पेन्सिल खिशातच राहिली. डीलर त्याच्याकडे बघत राहिला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ राहिला नाही.

"काय आहे हो तिथे?" त्याने बाकाकडे बोट करून विचारलं. "लोक परत येतात. तुम्ही पहिले नाही. काटून जातात, आणि तासाभरात परत येऊन दुप्पट देतात. मी कधी त्या बाकावर बसत नाही."

कात्रीने नवीन बिल घडी करून खिशात घातलं. तो बाकाकडे गेला.

बाक लांब होता. कुठल्या बाजूला बसावं ते त्याला कळेना. मग तो उजव्या टोकाला बसला, आपल्या डावीकडे जागा ठेवून, गाडीत असतं तसं. पत्र्याखाली गरम हवा साचली होती, पण डाव्या दंडाला तेवढा गारवा लागत होता. समोर आवारातल्या गाड्यांच्या सगळ्या रांगा. दोन बोटं खाली असलेल्या सहा काचा आता त्याच्याकडे बघत असल्यासारख्या वाटल्या.

"झालं," तो म्हणाला.

"गाडी खाली नव्हती त्या दिवशी," तो नंतर म्हणाला. "मी खोटं बोललो. विकली होती. लेकीला सांगितलं, औषधाला लागले पैसे. औषधाला नव्हते लागले. गाडीच्या विम्याची तारीख आली होती. वर्षाचा भरायचा होता. मी हिशेब केला की वर्षाचा भरून काय करायचं, तू काही आता..." त्याने बाकाची कड बोटाने चाचपली. "डॉक्टरांनी तसं म्हटलं नव्हतं अजून. मी आधीच काट मारली. नऊ हजार वाचले."

बाकाची एक फळी करकरली. ऊन असलं की लाकूड करकरतं.

"तू खाली जाऊन शोधलं असशील. वाहनतळावर. मग इथपर्यंत आलीस, अनवाणी. आणि मघाशी मी तुला पाच हजारांचा बिघाड म्हटलं." त्याने चष्मा काढला आणि पुसला. "आता रागावून बसायचं असलं तर बस. मी पण बसतो. वेळ आहे मला. तू पावणेदोन तास बसलीस एकदा, मी काही त्याच्या आधी उठत नाही."

तो बसून राहिला. पाच वाजले, साडेपाच झाले. डीलर केबिनमधून दोनदा डोकावला आणि आत गेला. ऊन गाड्यांच्या टपांवरून खाली उतरलं. डाव्या दंडाचा गारवा कधी गेला ते त्याला कळलं नाही. वळून बघितलं तर धुणारा गाडीपाशी वाकून चाकांकडे बघत होता, मग मागे सरकून पुन्हा बघत होता, शिंपी पँटची लांबी बघतो तसा.

"साहेब," तो म्हणाला, "या. गाडी डावीकडे दबली."

कात्री उठला. पायाला मुंग्या आल्या होत्या. धुणाऱ्याने मॅट परत अंथरले होते. डावं दार लावलेलं होतं, काच दोन बोटं खाली. कात्री आपल्या जागेवर बसला. डावीकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही. त्याने हात लांब करून पट्टा ओढला आणि अडकवला, सैलसा. तिला घट्ट पट्टा आवडायचा नाही. किल्ली फिरवायच्या आधीच लावला, कारण आता त्याला काही तपासून बघायचं नव्हतं.

तेवढ्यात धुणाऱ्याने मागचं दार उघडलं. एक हात दारावर, एक कडेला. तसाच उभा राहिला.

"आता हे कशाला?"

धुणारा जरा ओशाळला. "तुमच्या बाईंच्या आधीपासून एक बाई होत्या बाकावर. दोन वर्षं झाली. त्यांची गाडी भंगारात कापायला गेली, पण त्या गेल्या नाहीत. न्यायला कुणी येत नाही. आज तुमच्या बाई जवळ बसल्या होत्या दोन तास." त्याने दार हळूच लावलं. "मागे पण दबली आहे. तुमच्या बाईंनीच म्हटलं असणार, चला म्हणून. मी तर काही बोललो नाही."

कात्रीला आरशात मागची सीट दिसत होती. रिकामी. काचेच्या खालच्या कडेला आतून वाफेचा एक छोटा गोल धरला होता. त्याच्या मानेवर काटा आला. आणि त्याच वेळी त्याला ओळखीची चीडही आली, बेचाळीस वर्षांच्या संसाराइतकी जुनी. बस चुकलेली म्हातारी, पिशव्या घेऊन उभी असलेली कुणीही बाई, बायकोने कधी रस्त्यात सोडली नाही. थांबवा म्हणायची, मागची जागा रिकामीच आहे. आणि तो म्हणायचा, इंधन फुकट येत नाही.

"याचे किती?" त्याने विचारलं.

"त्यांचं बिल कधी लिहिलंच नाही मी. कुणाच्या नावावर लिहिणार?"

गाडी फाटकापर्यंत आली. डावीकडे घर होतं. उजवीकडे सगळं शहर. त्याने गाडी थांबवली, मान न वळवता घसा साफ केला, आणि बायको विचारायची तसं, जरा मोठ्याने, मागे ऐकू जाईल असं विचारलं,

"मावशी, तुम्हाला कुठे सोडायचं?"

आणि इंजिन चालू ठेवून तो उत्तराची वाट बघत थांबला.